मिठाची खाण: व्येलिच्का आणि बोख्निया

मंगळवार, क्राकूफ

पोलंडला जाऊन काय बघणार, तर मीठ, हे ऐकून माझा भाऊ फोनवरच हसत सुटला. त्याचंही बरोबर होतं. माझं माहेर शिरोड्याचं, १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला ते शिरोडं. मिठागरांच्या बांधांवर खेळत मोठी झालेली बाई विमानाचं तिकीट काढून मीठ बघायला निघाली म्हणजे जरा अतीच. पण भाचा क्राकूफला नोकरीला आहे, राहायची सोय झाली होती, आणि ऑक्टोबरात तिकडची झाडं पिवळीधमक होतात असं तो दर वर्षी फोटो पाठवून ऐकवत होता. शेवटी निघालो.

प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. अंग आंबलं होतं, तरी दुपारी बाहेर पडलो. क्राकूफचा मुख्य चौक, रिनेक, अफाट मोठा आहे. मधोमध सुकिएन्नित्से हा जुना कापडबाजार आणि कोपऱ्यावर सेंट मेरीचं चर्च. चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला एक माणूस तुतारी वाजवतो आणि धून मध्येच तोडतो. जुन्या हल्ल्याच्या वेळी इशारा देणाऱ्याच्या गळ्यात बाण घुसला, म्हणून ती तिथेच थांबते, असं सांगतात. खरंखोटं कोण जाणे, पण चौकातली माणसं अजूनही मान वर करून उभी राहतात.

वावेलचा राजवाडा घाईत पाहिला. मला तिथे हवा होता तो कॅसिमिर द ग्रेट. चौदाव्या शतकातल्या या राजाच्या तिजोरीत येणाऱ्या पैशांपैकी सुमारे एक तृतीयांश पैसा मिठाचा असायचा. मीठ राजाचं, खाण राजाची, विक्री राजाच्या हुकमाने. १३६८ साली त्याने मिठाच्या खाणींचे कायदेच लिहून काढले. त्याआधी चार वर्षं, १३६४ मध्ये, त्याने क्राकूफचं विद्यापीठ काढलं आणि प्राध्यापकांच्या पगाराची सोय व्येलिच्काच्या मिठाच्या उत्पन्नातून लावून दिली. पुढे याच विद्यापीठात कोपर्निकस शिकला. सत्तेला मिठाची चव सगळीकडे सारखीच लागते. फरक एवढाच, की आमच्याकडच्या कराचा पैसा शिरोड्याच्या शाळेवर कुणी खर्च केला नाही.

संध्याकाळी पिएरोगी खाल्ले, बटाटा आणि पनीरसारख्या चीजचं सारण असलेले. ते मोदकाच्या वर्गात बसवावेत की करंजीच्या, यावर बराच खल झाला. आमचे हे कोल्हापूरचे. दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते, त्यात बायकामुलंच जास्त. आज गांधीनगरची कापडपेठ आहे तो भाग. ही हकीकत हे टॅक्सीवाल्यापासून वेटरपर्यंत सगळ्यांना सांगत होते. ऐकणाऱ्याला इंग्रजी येतं की नाही, याची चौकशी न करता.

बुधवार, व्येलिच्का

क्राकूफच्या मुख्य स्टेशनावरून गाडीने अर्ध्या तासाच्या आत व्येलिच्का. शेवटचं स्टेशन खाणीच्या नावाचंच आहे, त्यामुळे चुकायचा प्रश्न नाही. गाव छोटं, नीटनेटकं, आणि खाली एवढं मोठं पोखरलेलं आहे याची वर काही खूण नाही. नऊ मजले, ३२७ मीटर खोली आणि २४० किलोमीटरच्या वर बोगदे. पर्यटकांना त्यातले तीन-साडेतीन किलोमीटर दाखवतात. १९७८ साली युनेस्कोने जागतिक वारशाची पहिलीवहिली यादी केली, त्यातल्या बारा ठिकाणांत ही खाण होती.

आत एकट्याने जाता येत नाही, वाटाड्या लागतोच. आमच्या इंग्रजी गटाला मिळाली ती एक तरुण मुलगी, काळसर गणवेश, पितळी बटणं. "श्चेंश्च बोझे," ती म्हणाली. खाणकामगार एकमेकांना भेटताना असं म्हणतात, देव भलं करो. आणि लगेच जिना.

जिन्याबद्दल नीट सांगते, कारण कुणी सांगत नाही. दानिवोविच विहिरीतून, म्हणजे खाणीच्या उभ्या भुयारातून, पहिल्या मजल्यावर उतरायला ३८० लाकडी पायऱ्या आहेत, ६४ मीटर खाली. सात-आठ पायऱ्या, वळण, पुन्हा सात-आठ पायऱ्या, पुन्हा त्याच बाजूला वळण. दम लागत नाही, पण डोकं गरगरतं. जिन्याच्या मधल्या फटीतून खाली बघितलं तर कठड्यांची चौकट लहान लहान होत जाते आणि तळ दिसतच नाही. ह्यांच्या गुडघ्यांची मला काळजी होती. "अहो, हळू," असं मी म्हणत होते आणि मागचे स्पॅनिश लोक खोळंबत होते. पुढेही थोड्या थोड्या करून पायऱ्या येतच राहतात, सगळ्या मिळून आठशेच्या घरात. चढायच्या मात्र फारच थोड्या.

खाली उतरल्यावर पहिली जाणीव वाऱ्याची. मला वाटलं होतं कोंदट असेल, तर चांगला झोत अंगावर येतो. तपमान बारा महिने सतरा-अठरा अंशांच्या आसपास, म्हणजे एक स्वेटर पुरतो. वाटेत दोन-दोन दारं लागतात. सगळा गट दोन दारांच्या मधल्या जागेत आला, मागचं दार बंद झालं, की मगच ती मुलगी पुढचं उघडायची. दोन्ही एकदम उघडली तर वारा एवढा सुटतो की दार हातात राहत नाही.

आणि मीठ? मीठ पांढरं नाहीच. भिंती करड्या, हिरवट, कुठे काळ्या. आपल्याला न सांगता आणून उभं केलं तर हा बेसॉल्ट आहे असंच कुणीही म्हणेल. पायाखालचं मीठ, डोक्यावरचं मीठ. चाटून बघा, असं ती मुलगीच म्हणाली. लोक लाजत होते. मी नाही लाजले. मिठागराच्या मिठाला जिभेच्या मागच्या बाजूला एक कडवटपणा असतो, तो यात नव्हता. नुसता तिखट खारटपणा आणि शेवटी मातीची चव. उपवासाच्या सैंधवाच्या जवळची.

हे मीठही समुद्राचंच आहे, ही गंमत मला आवडली. सुमारे १ कोटी ३५ लाख वर्षांपूर्वी इथे समुद्राचा एक उथळ भाग होता. तो आटला, मीठ खाली बसलं, मग कार्पेथियन डोंगर दक्षिणेकडून रेटत आले आणि त्यांनी हे थर चुरगळून, दुमडून एकावर एक चढवले. बोगद्याच्या भिंतीवर त्या घड्या स्पष्ट दिसतात, माती आणि मिठाचे नागमोडी पट्टे. शिरोड्याला एका उन्हाळ्यात होतं तेच काम, फक्त वर एक डोंगर येऊन बसला.

मग दालनांमागून दालनं. त्यांची नावं सगळी मला आठवत नाहीत आणि लिहून काढली तरी वाचणाऱ्याला काही मिळणार नाही. कोपर्निकसचा मिठाचा पुतळा आहे. तो १४९३ च्या सुमारास इथे येऊन गेला असं मानतात, आणि पुतळा त्याच्या पाचशेव्या जन्मवर्षानिमित्त १९७३ चा. जर्मन कवी ग्योटे १७९० मध्ये आला होता, पोलिश संगीतकार शोपॅं १८२९ मध्ये. म्हणजे तिकीट काढून खाण बघायला येणं हे काही आजचं फॅड नाही.

ज्या दालनात मी रेंगाळले त्यात एक जळकट छत आहे आणि खाली रांगत चाललेली माणसांची शिल्पं. त्यांना 'पश्चात्तापी' म्हणत, कारण ओल्या गोणपाटाच्या कपड्यांत जमिनीवर सरपटणारे हे लोक दिसायचे तसेच. त्यांचं काम मिथेन जाळायचं. हा वायू हवेपेक्षा हलका, म्हणून छताला जाऊन साठतो. थोडाच साठलेला असताना जाळून टाकला तर ठीक, नाहीतर एखाद्या दिव्याच्या ज्योतीने स्फोट. तेव्हा लांब काठीच्या टोकाला पेटता पलिता बांधायचा, आपण जमिनीला चिकटून राहायचं आणि काठी वर करायची. अंदाज चुकला तर ओल्या कपड्यांचा उपयोग किती, ते न बोललेलं बरं. अनुभवी माणसंच हे काम करायची म्हणे.

घोड्यांचंही तसंच. वरून खाली उतरवलेले घोडे खालच्याच तबेल्यात राहायचे आणि लाकडी रहाट फिरवून मीठ वरच्या मजल्यावर ओढायचे. मिठाचे मोठे ठोकळे गोल, पिंपाच्या आकाराचे कापत, म्हणजे घरंगळत नेता येतात. शेवटची घोडी, बाशका, २००२ साली वर आली. दोन हजार दोन! म्हणजे माझ्या मुलाच्या हातात मोबाइल होता तेव्हा.

खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त आवडलं ते लाकूड. मिखावोवित्से नावाच्या दालनात छत ३५ मीटर उंच आहे आणि ते तोलून धरायला जमिनीपासून वरपर्यंत ओंडक्यांची उतरंड रचली आहे. ओंडके चुन्याने पांढरे केलेले, कारण दिव्यांच्या मिणमिणत्या उजेडात पांढरं लाकूड तेवढंच दिसतं. लोखंड इथे गंजून जातं. लाकूड मात्र मीठ पिऊन टणक होतं, शतकानुशतकं टिकतं. एका खांबावर मी नखाने टिचकी मारून बघितली, आवाज दगडासारखा आला. सगळे मान वर करून झुंबराचा फोटो काढत होते. हे स्वतः सुतारकाम जाणतात (कोल्हापूरला वडिलांची वखार होती), ते सांधे बघत बसले. पाचर कुठे, खाच कुठे, असं बोटाने दाखवत होते.

मग ते प्रसिद्ध सेंट किंगाचं चॅपल. १०१ मीटर खोल, ५४ मीटर लांब, छत दहा-बारा मीटर वर. वरच्या सज्जातून पहिल्यांदा दिसतं आणि गटातल्या सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज निघतो. फरशी म्हणून जे दिसतं ते फरशा नाहीत, अख्ख्या मिठावर कोरलेल्या रेघा आहेत. झुंबरांचे लोलकही मिठाचे, पण मीठ विरघळवून, गाळ काढून पुन्हा स्फटिक केलेलं, म्हणून काचेसारखं स्वच्छ. १८९६ मध्ये काम सुरू झालं, ते साठ-सत्तर वर्षं चाललं आणि ते मुख्यतः तिघांनी केलं: युझेफ मार्कोव्स्की, त्याचा धाकटा भाऊ तोमाश आणि नंतर आंतोनी व्हिरोडेक. तिघेही खाणकामगार. व्हिरोडेकने भिंतीत कोरलेलं येशूचं 'शेवटचं भोजन' जवळून बघा. वीतभरही खोल नाही, पण लांबून टेबलाच्या मागे खोली दिसते, खिडक्या दिसतात. १९९९ चा पोप जॉन पॉल दुसरे यांचा पुतळाही मिठाचाच आहे. दर रविवारी इथे प्रार्थना होते, लग्नंही लागतात. आम्ही होतो तेव्हा तीन गट एकदम आत होते आणि तीन भाषांत एकच माहिती चालली होती. भव्यता आहेच, पण बसून बघायला मिळत नाही. दहा मिनिटांत पुढे.

पुढे खाऱ्या पाण्याची तळी लागली. हिरवं, गच्च संपृक्त पाणी, लिटरला तीनशे ग्रॅमच्या वर मीठ. यात बुडायचं म्हटलं तरी बुडता येत नाही म्हणतात. कधीकाळी पर्यटकांना यातून नावेने नेत, आता नेत नाहीत. दिवे मंद करून शोपॅंचं संगीत लावलं, त्याची गरज नव्हती असं माझं मत. इथे मी त्या मुलीला विचारलं, खाण तर १९९६ पासून बंद, मग वाटेत ते हेल्मेटवाले कामगार कोण?

तिला प्रश्न आवडला असावा, कारण ती पहिल्यांदाच पाठ केलेलं सोडून बोलली. मीठ काढणं बंद झालं, खाणीचं काम बंद झालेलं नाही. मिठाचा शत्रू पाणी. गोडं पाणी आत शिरलं की वाट काढत भिंत खातं. एप्रिल १९९२ मध्ये खालच्या एका बोगद्यात पाणी घुसलं, तर वर गावातली जमीन खचली, रेल्वेचे रूळ वाकले, जवळच्या मठाला धोका झाला. तेव्हा रोज झिरपणारं पाणी गोळा करायचं, वर पंपाने काढायचं, ते उकळून त्यातून मीठ वेगळं करायचं. आज विकतात ते व्येलिच्काचं मीठ यातलंच. कामाच्या नसलेल्या जुन्या पोकळ्या वाळूने भरायच्या. लाकूड तपासायचं. आणि दुसरं पाणी आपण आणतो, श्वासातून. वर्षाला पंधरा लाखांहून जास्त माणसं इथे श्वास सोडतात. दमटपणाने मूर्तींची नाकं-डोळे झिजू लागले, म्हणून १९८९ मध्ये युनेस्कोने खाण धोक्याच्या यादीत टाकली होती. हवा कोरडी करायची यंत्रणा बसली, तेव्हा १९९८ मध्ये ती यादीतून निघाली. सकाळपासून अंगावर येणारा तो वारा आणि ती दोन-दोन दारं कशासाठी, ते आत्ता कळलं. त्यानंतर एका कोपऱ्यात मिठाच्या बुटक्यांच्या मूर्ती लागल्या, एकाचा चेहरा पार गुळगुळीत झालेला. एरवी मी त्यांच्याकडे बघितलंही नसतं.

सव्वाशे मीटर खाली उपाहारगृह आहे, दुकानं आहेत, स्वच्छतागृह आहे. किंमती मात्र जमिनीवरच्यापेक्षा बऱ्याच वर. बाहेर पडायला लिफ्ट, खरी खाणीची. एकावर एक पिंजरे, प्रत्येकात जेमतेम आठ-नऊ माणसं, खांद्याला खांदा. दार लागलं, अंधार, आणि खडखडत एका दमात वर. ज्यांना बंद जागेची भीती वाटते त्यांनी हे आधी लक्षात घ्यावं, कारण वर जायचा दुसरा सोपा मार्ग नाही.

गुरुवार

पाय बोलत होते, म्हणून उशिरा निघालो. व्येलिच्कालाच परत, कारण खाणीचं संग्रहालय ज्या वाड्यात आहे तो मिठाचा कारभार चालवणाऱ्यांचा वाडा बघायचा राहिला होता. तिथे शेकडो मीठदाण्या मांडून ठेवल्या आहेत, चांदीच्या, चिनी मातीच्या, बदकाच्या आकाराच्या. मी कंटाळले. पण १५३४ चं एक शिंग आहे, खाणकामगारांच्या संघाला भेट मिळालेलं, चांदीने मढवलेलं. त्यासाठी जायला हरकत नाही.

त्यापेक्षा मजा आली बागेतल्या 'तेंझ्न्या'मध्ये. लाकडी उंच सांगाडा, त्यात काटेरी झुडपांच्या फांद्या दाबून भरलेल्या, आणि वरून खाणीचं खारं पाणी त्या फांद्यांवरून थेंब थेंब गळत येतं. वारा लागून पाणी उडतं, हवा खारट होते, आणि म्हातारी माणसं बाकावर बसून छाती भरून श्वास घेत असतात. दम्याला, सर्दीला चांगलं म्हणे. आपल्याकडे वाफ्यात पाणी पसरून उन्हावर सोडतात, इथे ऊन कमी म्हणून काम वाऱ्यावर सोपवलंय. तासभर बसलो. ओठांवर मीठ आलं, केस चिकट झाले, आणि मला भर पोलंडमध्ये वेंगुर्ल्याचा वारा लागल्यासारखं झालं.

शुक्रवार, बोख्निया

व्येलिच्का बघून झाल्यावर बोख्नियाला कशाला, असं सगळे म्हणतात. भाच्याने सुट्टी काढली होती, "मावशी, तिथे गर्दी नसते," म्हणाला, तेवढं पुरलं. क्राकूफच्या पूर्वेला चाळीस किलोमीटर. इथली खाण १२४८ पासूनची, पोलंडमधली सर्वांत जुनी. युनेस्कोच्या यादीत मात्र ती २०१३ मध्ये आली, धाकटीसारखी.

दोन्ही गावांचं एका गोष्टीवरून जुनं भांडण आहे. हंगेरीचा राजा बेला चौथा, त्याची मुलगी किंगा, चॅपलवाली सेंट किंगा तीच. तिचं लग्न पोलंडच्या राजपुत्र बोलेस्वावशी ठरलं. हुंड्यात तिने सोनं नको, मीठ हवं म्हटलं, आणि माहेरच्या मिठाच्या खाणीत आपली अंगठी टाकून दिली. पोलंडला आल्यावर एका जागी खणायला सांगितलं, मिठाचा खडा निघाला, तो फोडला तर आत तीच अंगठी. अंगठी व्येलिच्काला सापडली असं व्येलिच्कावाले म्हणतात, बोख्नियाला सापडली असं बोख्नियावाले. माहेरहून मीठ आणलेल्या बाईबद्दल मला आपुलकी वाटणं साहजिक आहे, तेव्हा मी कुणाचीच बाजू घेत नाही.

इथे उतरायलाच लिफ्ट, काम्पी विहिरीतून, थेट दोनशे मीटरच्या वर खोल. ह्यांचा चेहरा खुलला. खाली छोटी रेल्वे उभी होती, गुडघे छातीशी घेऊन बसायची. ती लांबच लांब सरळ बोगद्यातून धडधडत निघते आणि चक्क चॅपलमधून जाते. खरंच, बाकं एका बाजूला, वेदी समोर, आणि मधून रूळ. कामावर जाता-येता कामगार प्रार्थनेला थांबायचे, म्हणून सोय. इथे झुंबरांची आरास नाही, गटात आम्ही मोजकीच माणसं होतो आणि वाटाड्या घाई करत नव्हता. व्येलिच्काला जे बसून बघता आलं नाही ते इथे बघितलं. पाण्याने भरलेल्या एका दालनात नावेतून फिरवतात, डोक्यावर छत हाताला लागेल एवढं.

आम्हाला दाखवलं त्यात सगळ्यात खाली व्हाझिन नावाचं दालन, अडीचशे मीटर लांब. त्यात बास्केटबॉलचं मैदान, जेवणाची जागा आणि एका बाजूला रांगेने पलंग. लोक इथे रात्री झोपायला येतात, खारी हवा फुप्फुसांना चांगली म्हणून. त्या दिवशी एका शाळेची सहल मुक्कामाला आली होती. स्वेटर घातलेली पन्नासेक पोरं उशा फेकून मारत होती आणि बाई शिट्टी वाजवत होत्या. आवाज बोगद्यातून आधीच ऐकू येत होता.

या दालनात जायच्या दोन वाटा: जिना, नाहीतर १४० मीटरची घसरगुंडी. खाली एक पट्टी घ्यायची, पाय सरळ करायचे, हात छातीशी. मी जिना धरला. ह्यांनी गुडघ्यांचं कारण सांगून घसरगुंडी धरली. मी निम्म्या पायऱ्यांवर असतानाच लाकडी नळीतून एक लांबलचक "आईऽऽ" घरंगळत खाली गेली आणि तळाशी पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी पोचले तेव्हा हे पट्टी झटकत उभे होते, केस उभे, चष्मा हातात. एकदा आणखी जाऊ म्हणाले. भाच्याने सांगितलं, "काका, त्यासाठी आधी जिना चढावा लागेल." मग आम्ही कॉफी घेतली.